इस्टेटवरच्या मजुरांची जुनी घरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या जमीनदारी इस्टेटींवर शेतमजूर, माळी, गवंडी, गाडीवान अशा कामकऱ्यांसाठी बांधलेल्या जुन्या कॉटेजांविषयी आमच्याकडे सतत प्रश्न येत असतात. विचारणाऱ्यांत पर्यटक असतात, वास्तुकलेचे विद्यार्थी असतात आणि तिकडे स्थायिक होऊन असे एखादे घर विकत घेऊ पाहणारी मराठी कुटुंबेही असतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इस्टेट कॉटेज म्हणजे नेमके काय? खेड्यातले कोणतेही जुने घर त्यात मोडते का?

मोडत नाही. जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने आणि बहुधा एका ठरावीक आराखड्यानुसार, इस्टेटवर राबणाऱ्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसांसाठी बांधलेले घर म्हणजे इस्टेट कॉटेज. खेड्यातली बाकीची जुनी घरे त्या त्या कुटुंबाने किंवा स्थानिक गवंड्याने गरजेप्रमाणे उभी केलेली आणि वाढवत नेलेली असतात. इस्टेटवरच्या घरामागे मात्र बांधणारा एक, राहणारा दुसरा आणि आराखडा काढणारा बऱ्याचदा तिसराच असतो. घराचे बाह्यरूप जमीनदाराच्या नजरेसाठी ठरते आणि आतली जागा मजुराच्या भाड्याच्या हिशेबाने बेतली जाते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या, तर पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

२. जमीनदारांनी मजुरांसाठी घरे का बांधली? त्यात परोपकार कितीसा होता?

परोपकार होताच, पण तो एकटा कधीच नव्हता. अठराव्या शतकात अनेक गावे हलवली गेली, ती मुख्यतः वाड्याभोवतीच्या उद्यानातून दिसणारा देखावा मोकळा करण्यासाठी. रॉबर्ट वॉलपोल यांनी 1729 मध्ये नॉरफोकमधले हॉटन गाव उद्यानाच्या फाटकाबाहेर नव्याने वसवले. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनहॅम कोर्टनी येथे 1760 च्या दशकात पहिल्या अर्ल हारकोर्ट यांनी जुने गाव काढून हमरस्त्याच्या दुतर्फा विटांची जोडघरे बांधली. यॉर्कशरमधल्या हेअरवुड येथे एडविन लॅसेल्स यांच्यासाठी वास्तुविशारद जॉन कार यांनी दगडी घरांच्या नेटक्या रांगा रचल्या. लॅसेल्स घराण्याची संपत्ती वेस्ट इंडिजमधली साखर आणि गुलामांचे श्रम यांतून आली होती. त्या रांगांसमोर उभे राहिल्यावर आपले लक्ष दगडांच्या घडणीकडे जाते, तसे ते या पैशाकडेही जायला हवे, असे आम्हाला वाटते.

याच्या उलट दिशेने काम करणारा एक कायदाही होता. निराधार माणसाला पोसण्याचा खर्च त्याच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या स्थानिक विभागावर, पडत असल्याने ज्या पॅरिशची सगळी जमीन एकाच मालकाची होती तेथे मुद्दाम घरे कमी ठेवली जात, प्रसंगी पाडलीही जात. मजूर शेजारच्या दाटीवाटीच्या गावात राहत आणि रोज मैलोन्‌मैल चालत कामावर येत. 1865 च्या कायद्याने हा खर्च अनेक पॅरिशांच्या संघावर वाटला गेला आणि घरे टाळण्याचे हे कारण संपले. तरीही बांधकाम फायद्याचे झाले नाही, कारण आठवड्याला दहा-बारा शिलिंग मिळवणारा मजूर भाड्यापोटी शिलिंग-दोन शिलिंगांपेक्षा जास्त देऊ शकत नसे. उत्पन्नाचे दुसरे भक्कम साधन असलेला मालकच चांगली घरे बांधू शके. उत्तम कॉटेजे मोठ्या उमरावांच्या किंवा बँका, कारखाने, रेल्वे यांतून गब्बर झालेल्यांच्या इस्टेटींवर सापडतात, ती या कारणाने.

३. प्रत्येक कॉटेजला चार एकर जमीन द्यावी लागे, असे वाचले. हे खरे आहे का?

1589 च्या कायद्यात तशी अट होती, पण तिला अनेक अपवाद होते आणि 1775 मध्ये तो कायदा रद्द झाला. आज दिसणारी बहुतेक इस्टेट कॉटेजे त्यानंतरची असल्याने त्यांना ही अट लागू नव्हती. त्यांना साधारणपणे परसबाग आणि डुकरासाठी खुराडे एवढी जागा मिळे.

४. डॉर्सेटमधल्या मिल्टन अ‍ॅबसची घरे इतकी एकसारखी का आहेत?

ती एकाच मालकाने, एकाच कल्पनेने आणि थोड्या वर्षांत बांधली म्हणून. जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, यांना आपल्या वाड्यालगतचे बाजारपेठेचे गाव नको होते. ते टप्प्याटप्प्याने पाडण्यात आले आणि 1770 च्या दशकापासून जवळच्या दरीत नवे गाव उभे राहिले. त्यात वास्तुविशारद विल्यम चेंबर्स आणि उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन या दोघांचा हात होता. चढाच्या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, सफेदी केलेल्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली 36 घरे आहेत, पुढे हिरवळीचा पट्टा आहे आणि मागे दरीचा उतार. विल्यम हॅरिसन नावाच्या वकिलाने जागा सोडायला नकार दिला, तेव्हा बंधाऱ्याची दारे उघडून त्याच्या घरात पाणी सोडले गेले आणि तो कोर्टात जिंकला, ही हकीकत तिथे आजही सांगतात.

एक गोष्ट छायाचित्रांत लक्षात येत नाही. बाहेरून प्रशस्त वाटणारे प्रत्येक घर मुळात दोन कुटुंबांसाठी होते. मधल्या दारापाशी उभे राहून खिडक्या मोजाव्यात. डावीकडच्या एका कुटुंबाच्या, उजवीकडच्या दुसऱ्याच्या. दर्शनी भाग सममित ठेवल्यामुळे दोन लहान घरांना एका मोठ्या घराचा रुबाब येतो, आणि तोच मालकाला हवा होता.

५. ब्लेझ हॅम्लेटची घरे तर चित्रातल्यासारखी आहेत. मजूर खरोखर अशा घरांत राहत असत का?

सर्वसामान्य मजूर राहत नसत. ब्रिस्टलजवळचे ब्लेझ हॅम्लेट 1811 च्या सुमारास क्वेकर पंथाचे बँकर जॉन स्कँड्रेट हारफोर्ड यांनी आपल्या इस्टेटवरच्या निवृत्त नोकरांसाठी बांधले. आराखडे जॉन नॅश यांचे होते आणि त्यांच्यासोबत जॉर्ज रेप्टन यांनी काम केले होते. मधल्या हिरवळीभोवती 9 कॉटेजे आहेत आणि एकही दुसऱ्यासारखे नाही. कुठे गवताचे छप्पर, कुठे दगडी फरशांचे. कुठे पडवी, कुठे कबुतरखाना. आणि सगळ्यांच्या डोक्यावर नक्षीदार विटांची, घराच्या मानाने फारच उंच धुराडी. हिरवळीवरचा पंपसुद्धा मुद्दाम मध्यापासून ढळवून ठेवला आहे, म्हणजे खेडे आपोआप वाढल्याचा भास व्हावा. मिल्टन अ‍ॅबसच्या शिस्तीची ही पुरी उलटी बाजू आहे. दोहोंत साम्य एकच, राहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी कुणी विचारले नव्हते.

1943 पासून ही वस्ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आतमध्ये लोक राहतात, म्हणून हिरवळीवरूनच पाहावे. सॉमरसेटमधले सेलवर्दी हे याच पठडीतले दुसरे गाव. तेथील घरे 1828 मध्ये सर थॉमस अ‍ॅकलंड यांनी निवृत्त कामकऱ्यांसाठी बांधली.

६. घराची आतली मांडणी कशी असे?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

अगदी साध्या घरात खाली एक खोली आणि वर छपराखालचा माळा एवढेच असे. खालच्या खोलीत चूल, जेवण, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याचे अंथरूण असे सगळे चाले. सुधारलेल्या कॉटेजात तिच्यामागे धुण्याभांड्यांची एक ओली खोली आली, तिला स्कलरी म्हणतात, आणि आपल्याकडची मोरी व तिच्यालगतची मागची पडवी मिळून जे काम करतात ते ती करी. तिच्यात कपडे उकळण्याचा, खाली जाळ लावण्याची सोय असलेला हंडा पक्का बसवलेला असे. धान्य आणि दूध ठेवण्याची कोठी शक्यतो उत्तरेच्या बाजूला काढत, कारण इंग्लंडात त्या भिंतीवर ऊन सर्वांत कमी येते. पाव भाजण्याची भट्टी काही ठिकाणी घरातच, तर काही ठिकाणी चार-सहा घरांत मिळून एक असे.

वरच्या मजल्यावर खरा वाद होता. बाथचे वास्तुविशारद जॉन वुड (धाकटे) यांनी स्वतः मजुरांची घरे हिंडून पाहिली आणि 1781 मध्ये नमुना आराखडे प्रसिद्ध केले. घर कोरडे आणि आरोग्यदायक असावे, उबदार असावे, आतून रुंदी 12 फुटांपेक्षा जास्त नसावी, घरे जोडीने बांधावीत म्हणजे शेजारी अडीअडचणीला धावेल, आणि प्रत्येकाला बागेचा तुकडा मिळावा, अशी तत्त्वे त्यांनी मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुधारकांचा आग्रह तीन झोपायच्या खोल्यांवर स्थिरावला होता: आईवडिलांची एक, मुलग्यांची एक, मुलींची एक. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी हेन्री रॉबर्ट्स यांच्याकडून चार कुटुंबांची नमुना इमारत बांधून घेतली, तिच्यातही प्रत्येक बिऱ्हाडाला तीन झोपायच्या खोल्या होत्या. ती पोकळ विटांची होती आणि प्रदर्शनानंतर ती केनिंग्टन पार्कमध्ये पुन्हा उभारली गेली. आजही पाहता येते.

जुने घर पाहताना एवढे तपासावे: वरच्या तिन्ही खोल्यांना जिन्यापासून स्वतंत्र वाट आहे का, की एकीतून दुसरीत जावे लागते? आराखड्यातली तिसरी खोली पैसे वाचवण्यासाठी अनेकदा गाळली जाई, किंवा दुसरीला फळ्यांचा आडोसा घालून काढली जाई. दर्शनी धुराड्यावर केलेली नक्षी आणि गाळलेली खोली एकाच घरात सापडली, तर मालकाचा प्राधान्यक्रम समजायला दुसऱ्या कागदाची गरज राहत नाही.

७. संडास आणि पाण्याची सोय कुठे असे?

संडास परसाच्या टोकाला, बऱ्याचदा डुकराच्या खुराड्याशेजारी आणि दोन घरांचे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असे. डॉर्सेटमधल्या फॉर्डिंग्टनचे धर्मगुरू हेन्री मूल यांनी 1860 मध्ये कोरडी माती वापरणाऱ्या संडासाचे पेटंट घेतले. मैल्यावर माती टाकून तयार झालेले खत बागेत घालता येत असल्याने इस्टेटींवर ही पद्धत चांगली रुजली. पाणी सामाईक विहिरीचे किंवा पंपाचे असे. स्वतंत्र न्हाणीघर मूळ आराखड्यात जवळपास कुठेच आढळत नाही. आज दिसते ती नंतरची भर आहे.

८. सगळी कॉटेजे गवताने शाकारलेली असत का? भिंती कशाच्या?

बांधकामसाहित्य आधी भूगर्भ ठरवतो आणि मग मालकाची हौस. डेव्हन-डॉर्सेटकडे माती आणि पेंढा मळून थरांवर थर चढवलेल्या जाड भिंती आढळतात. त्यांना कॉब म्हणतात. आपल्या देशावरच्या पांढरीच्या मातीच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे तंत्र नवे वाटणार नाही. अशा भिंतीला वर चांगली टोपी आणि पायांत चांगले बूट हवेत, असे डेव्हनमध्ये म्हणतात. बूट म्हणजे दगडी जोते आणि टोपी म्हणजे पुढे आलेल्या वळचणीचे छप्पर. कॉट्सवोल्डमध्ये चुनखडीचा दगड, पूर्वेकडे आणि मध्य भागात वीट.

विटांवर 1784 ते 1850 कर होता आणि काचेवरचा कर 1845 मध्ये उठला. रेल्वे आल्यावर वेल्समधली पाटीच्या दगडाची हलकी छपरे दूरवर स्वस्त पोचू लागली. म्हणून 1850 नंतरची बहुतेक व्यवहारी कॉटेजे विटांची आणि पाटीच्या किंवा कौलांच्या छपराची आहेत. त्या काळात गवताचे छप्पर दिसले, तर ते पुष्कळदा देखाव्यासाठी निवडलेले असते.

९. एकाच गावात स्विस, ट्यूडर, इटालियन अशा शैली कशा काय एकत्र आल्या?

हा प्रश्न बहुधा डर्बिशरमधले एडन्सर पाहून आलेले लोक विचारतात. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याचे मालक, सहावे ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी 1838 ते 1842 या काळात हे गाव नव्याने उभारले. कामाची सूत्रे जोसेफ पॅक्स्टन यांच्याकडे होती, ज्यांनी पुढे 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस हा काचेचा मंडप बांधला, आणि आराखड्यांना डर्बीचे जॉन रॉबर्टसन यांचे साहाय्य होते. त्या काळी कॉटेजांच्या नमुन्यांची पुस्तके भरपूर निघत आणि एडन्सर म्हणजे तशा एका पुस्तकाची पाने जमिनीवर मांडल्यासारखे झाले आहे. शैली बदलल्या तरी दगड एकच असल्याने गाव विस्कळीत वाटत नाही.

याच ओघात मुंबईकरांसाठी एक खरा दुवा सांगायला हवा. स्टॅफोर्डशरमधल्या आयलम गावी जेसी वॉट्स-रसेल यांच्यासाठी 1850 च्या दशकात कॉटेजे रचणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हेच मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे वास्तुविशारद. ते मुंबईला कधी आले नाहीत. नकाशे लंडनहून आले. आयलमच्या घरांच्या वरच्या भिंतींवर आकारदार कौले टांगलेली आहेत, जी त्या भागातल्या जुन्या घरांवर नसतात. स्थानिक रीतीपेक्षा आराखडा वरचढ ठरल्याची ही सरळ खूण आहे.

१०. एखादे घर इस्टेटचे आहे हे बाहेरून कसे ओळखावे?

एका खुणेवर विसंबू नये. तिकोणी भिंतीवर मालकाचे आद्याक्षर, मुकुट आणि साल कोरलेला दगड असेल तर प्रश्नच मिटतो. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या घरांवर मुकुटाखाली बी हे अक्षर असते. तसा दगड नसेल, तर गावात हिंडून छपराच्या कडेच्या नक्षीदार फळ्या, धुराड्यांची घडण आणि खिडक्यांची चौकट पुन:पुन्हा तीच येते का ते पाहावे. सगळी दारे-खिडक्या एकाच रंगात रंगवण्याची चाल अनेक इस्टेटींनी अजून जपली आहे. फाटकालगतचे ऐटबाज घर हे दरवानाचे लॉज असते आणि त्याला मजुराच्या घराचा नमुना समजणे चूक ठरेल, कारण पाहुण्यांच्या नजरेस ते सर्वांत आधी पडत असल्याने त्यावर जास्त खर्च होई.

११. बुजवलेली खिडकी दिसली, तर ती खिडक्यांवरच्या करामुळे बुजवली असे समजावे का?

कॉटेजाच्या बाबतीत बहुधा नाही. खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये रद्द झाला हे खरे, पण लहान घरे त्याच्या कक्षेबाहेरच राहत. 1825 पासून तर आठपेक्षा कमी खिडक्यांच्या घराला तो लागतच नसे. बुजवलेली खिडकी बऱ्याचदा मुळातच सममितीसाठी काढलेली खोटी खिडकी असते, किंवा मागाहून जिना वा धुराडे हलवल्याचा परिणाम असतो.

१२. नोकरी गेली की घरही जाई का?

होय. घर नोकरीला बांधलेले असे. मजूर आजारी पडला, मालकाशी खटका उडाला किंवा कर्ता पुरुष वारला, तर कुटुंबावर घर रिकामे करण्याची पाळी येई. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतमजुरांना याबाबत भक्कम कायदेशीर संरक्षण 1976 च्या कायद्याने मिळाले. सुबक पडव्या आणि गुलाबाच्या वेली यांच्याविषयी लिहिताना ही असुरक्षितता वगळणे आम्हाला अप्रामाणिक वाटते, कारण तिचे पडसाद घरातही उमटतात. भाडेकरूने स्वतः केलेली पक्की भर अशा घरांत फार क्वचित सापडते.

१३. सॉल्टेअर, बोर्नव्हिल किंवा आपली किर्लोस्करवाडी याच प्रकारात येतात का?

नात्यातली आहेत, पण प्रकार वेगळा. टायटस सॉल्ट यांनी 1851 पासून वसवलेले सॉल्टेअर, 1888 चे पोर्ट सनलाइट आणि कॅडबरींचे बोर्नव्हिल ही कारखान्यांची गावे आहेत. तेथे घरांची रचना गिरणीच्या पाळ्या आणि दाट लोकवस्ती यांच्या हिशेबाने झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये औंध संस्थानात वसवलेली किर्लोस्करवाडी त्या ओळीत बसते. मुंबईतल्या बीडीडी चाळी त्याहूनही वेगळ्या, कारण त्या सरकारने बांधल्या.

१४. आयर्लंडच्या खेड्यांत दिसणारी एकसारखी लहान घरेही जमीनदारांचीच का?

काही आहेत, पण बरीच नाहीत. 1883 च्या कायद्यानंतर तेथे स्थानिक संस्थांनी शेतमजुरांसाठी हजारो घरे बांधली. प्रत्येकासोबत अर्धा एकर जमीन असे आणि 1892 पासून ती एक एकरापर्यंत देता येऊ लागली. त्यामुळे रस्त्याकडेला सुटे उभे असलेले, नक्षी नसलेले आणि मागे लांबट शेताचा तुकडा असलेले घर दिसले, तर आधी ही शक्यता पडताळावी.

१५. आम्ही असे घर विकत घेत आहोत. आत बदल करता येतील का?

घर ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय नाही, आणि हे संरक्षण आतल्या भागालाही लागू असते. ‘दर्शनी भाग तसाच ठेवला, आतले आमचे आम्ही पाहू’ हा समज महागात पडतो. इंग्लंडमध्ये 1990 च्या कायद्यानुसार परवानगीविना केलेला बदल फौजदारी गुन्हा ठरतो, आणि तो पूर्ववत करण्याची नोटीस काढायला मुदतीची मर्यादा नाही. आधीच्या मालकाने केलेले बेकायदा काम नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते, म्हणून व्यवहारापूर्वी वकिलाकडून जुन्या परवानग्या तपासून घ्याव्यात. शाकारलेले छप्पर असेल तर विम्याची चौकशीही आधीच करावी. पाणरीड, म्हणजे शाकारणीसाठी वापरतात ते पाणथळीतले जाड गवत, चांगली टिकते, पण आढ्याचा भाग साधारण 10 ते 15 वर्षांनी नवा करावा लागतो.

१६. भिंतीला ओल येते. बाहेरून सिमेंटचा गिलावा करावा का?

करू नये. कॉब, मऊ वीट आणि चुन्यात बांधलेला दगड ओलावा शोषतात आणि वाऱ्यावर सोडून देतात. सिमेंटचा कवच-थर ती वाट बंद करतो, मग पाणी आत साठते, आणि कॉबची भिंत तर खालून ढासळू शकते. आधी पन्हळ, वळचण आणि जोत्याभोवतीची चढलेली माती तपासावी. पुष्कळ वेळा बागेची माती वर्षानुवर्षे जोत्यावर चढलेली असते आणि ती उतरवली की निम्मे काम होते. गिलावा आणि सफेदी चुन्याचीच ठेवावी. परवानगीसाठी प्रश्न १५ पाहावा.

१७. दोन कॉटेजांचे एक केलेले दिसते. मूळ मांडणी आणि तिथे राहिलेल्यांची माहिती कशी शोधावी?

आधी घरच वाचावे. दोन धुराडी, भलत्याच जागी दिसणारे बुजवलेले दार, मधली जाड भिंत आणि फळीखाली लपलेला दुसरा जिना या सर्वसाधारण खुणा आहेत.

मग कागदांकडे वळावे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारात इस्टेटचे हिशेब, भाडेपट्टे आणि पुष्कळदा मूळ नकाशे मिळतात. चर्चला द्यायच्या दशमांश कराच्या आकारणीसाठी 1836 नंतर तयार झालेल्या टाइथ नकाशांवर घर, मालक आणि वहिवाटदार यांची नोंद असते. 1841 पासूनच्या जनगणनेत राहणाऱ्यांची नावे आणि धंदे सापडतात, मात्र खेड्यांत घरांना क्रमांक नसल्याने गणकाच्या फिरण्याचा क्रम नकाशाशी जुळवत न्यावा लागतो. लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 1910 च्या वित्त कायद्याखाली झालेल्या मूल्यांकनाच्या नोंदवह्या आहेत. त्यांत अनेकदा खोल्यांची संख्या, बांधकामाचे साहित्य आणि घराची अवस्था लिहिलेली असते. प्रश्न ६ मधली तिसरी खोली प्रत्यक्षात होती की आराखड्यातच राहिली, हे बहुतेक वेळा याच वह्यांतून कळते.